रोपवेने रायगड: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

रायगडावर दर खेपेला एक दृश्य दिसतं आणि दर खेपेला जीव हळहळतो. सकाळी दोन तास रांगेत उभं राहून माणसं रोपवेने वर येतात, मेघडंबरीसमोर फोटो काढतात, ताक पितात आणि तासाभरात परतीच्या रांगेत उभी राहतात. जगदीश्वर राहिला, समाधी राहिली, टकमक टोक राहिलं. पाळणा चार-पाच मिनिटांत वर नेतो म्हणून गडही तेवढ्यातच उरकतो, असं त्यांना वाटलेलं असतं. खरं तर रोपवे तुमचे दीड-दोन तासांचे कष्ट वाचवतो ते वर खर्च करण्यासाठी. हा लेख त्या वरच्या चार तासांसाठी आहे. तिथपर्यंत पोचायचं कसं, तेही सांगते.

माझी आई सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा रायगडावर आली. दोन्ही गुडघे दुखरे, हातात काठी. पायऱ्यांनी तिला गड दिसलाच नसता. रोपवेने वर नेलं, मग सावकाश, बसत-उठत, ती समाधीपर्यंत चालली. तिथे डोकं टेकवून उठली तेव्हा काही बोलली नाही, बराच वेळ नुसती उभी होती. ‘रोपवेने जाण्यात काय मजा’ असं म्हणणाऱ्यांशी मी तेव्हापासून वाद घालत नाही.

आधी ठरवा: वर कसं, खाली कसं

रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ८२० मीटर, म्हणजे २७०० फूट. वर जायचे रस्ते दोन. एक जुना पायऱ्यांचा, चित दरवाजाकडून निघणारा, दीड हजाराच्या आसपास पायऱ्यांचा. सवय असलेल्याला तास-सव्वा तास, इतरांना दोन तासही लागतात. दुसरा रोपवे. तो हिरकणीवाडीतून सुटतो आणि सुमारे चारशे मीटर उंची चढून मेणा दरवाजाजवळ आणून सोडतो. १९९६ पासून तो चालू आहे.

बरोबर वयस्कर माणसं, लहान मुलं किंवा गुडघ्याचा त्रास असलेलं कोणी असेल तर जाता-येता रोपवे. यात कमीपणा काही नाही.

पाय धडधाकट असतील तर माझा आग्रह असा: चढा पायांनी, उतरा रोपवेने. बहुतेक लोक उलट करतात. ‘उतरायला काय लागतंय’ म्हणून वर पाळण्याने जातात आणि पायऱ्या उतरतात. पण गुडघ्यांचा खरा कस उतरताना लागतो. दगडी पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, कुठे वीतभर, कुठे हातभर, आणि दुपारच्या उन्हात चार तास फिरून झाल्यावर पाय लटपटत असतात. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. महादरवाजा खालून वर येणाऱ्यासाठीच बांधलेला आहे. दोन प्रचंड बुरूज, एक सुमारे ७५ फूट आणि दुसरा ६५ फूट उंच, आणि त्यांच्या कुशीत असा लपलेला दरवाजा की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. चालून आलेल्या शत्रूची गत काय होत असेल, ते घामाघूम होऊन त्या वळणावर उभं राहिल्यावर कळतं.

रोपवेनेच गेलात तरी महादरवाजा हुकवायला नको. वरून हत्ती तलावाच्या बाजूने पायऱ्या उतरून तिथे जाता येतं. जाऊन-येऊन तासभर धरा. येतानाची चढण दमवते, म्हणून ते सगळ्यात शेवटी करू नका.

कधी जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाऊस नुकताच सरलेला असतो तेव्हा गड हिरवा असतो, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, आणि पूर्वेला लिंगाण्याचा सुळका, त्यामागे तोरणा-राजगड असे दिसतात की बोट दाखवून मुलांना ओळख करून द्यावी. मार्चनंतर ऊन तापतं. माथ्यावर सावली फार थोडी आहे. एप्रिल-मेमध्येच जायचं असेल तर पहिल्या फेरीने वर आणि अकरापर्यंत मुख्य चालणं पुरं, असा बेत करा.

पावसाळ्याबद्दल स्पष्ट सांगते. जून-जुलैचा रायगड धुक्यात फार देखणा दिसतो, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने तो टाळावा. धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि हा गड कड्यांचा आहे. जुलै २०२४ मध्ये अतिवृष्टी झाली तेव्हा पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे धबधब्यासारखे कोसळले आणि पर्यटक अडकून पडले. ती दृश्यं घरोघरी मोबाइलवर पाहिली गेली. वारा वाढला की रोपवेही थांबवतात, आणि थांबवायलाच हवा. म्हणजे वर गेलात आणि वारा सुटला तर एकतर वाट बघत बसायचं, नाहीतर ओल्या पायऱ्या उतरायच्या.

आणखी दोन-तीन दिवस पंचांगात बघून टाळा. ६ जून हा राज्याभिषेकाचा दिवस, तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. चैत्र पौर्णिमेला महाराजांची पुण्यतिथी. या दिवशी गडावर लाखोंनी शिवभक्त येतात. तो सोहळा एकदा तरी अनुभवावा असा आहे, पण आजीला घेऊन निवांत गड बघण्याचा तो दिवस नव्हे. जोडून सुट्ट्या आल्या की रोपवेची रांगही फार वाढते. शक्य असेल तर मधल्या वारी जा.

पायथ्यापर्यंत

मुंबईकडून गोवा महामार्गाने महाड किंवा माणगाव गाठायचं, तिथून पाचाड. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर करत पाचाडला उतरता येतं. हा रस्ता ऑक्टोबरात इतका सुंदर असतो की वाटेत थांबण्यासाठी अर्धा तास वेगळाच ठेवावा. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेची माणगाव आणि वीर ही स्थानकं सोयीची. महाडहून एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. परतीची गाडी कितीला आहे हे महाडच्या स्थानकावरच विचारून घ्या, वर गेल्यावर कोणी सांगू शकत नाही.

माझं मत विचाराल तर आदल्या रात्री पाचाडात किंवा हिरकणीवाडीत मुक्काम करा. घरगुती राहण्याजेवण्याची सोय होते, तांदळाची भाकरी मिळते, आणि सकाळी तुम्ही रांगेत पहिल्या वीसांत असता. मुंबई-पुण्याहून पहाटे निघालेल्या गाड्या साडेनऊ-दहाला पोचतात. तोवर तुम्ही राजसदरेवर असाल.

रोपवेच्या खिडकीवर

तिकीट ऑनलाइन काढण्याची सोय आहे. सुट्टीच्या दिवशी ती वापराच. खिडकीवर तीन गोष्टी विचारा: तिकीट एका बाजूचं की जाऊन-येऊन, परतीला वेळ ठरवून दिली जाते का, आणि शेवटची फेरी किती वाजता सुटते. शेवटच्या फेरीची वेळ मनात नको, मोबाइलवर गजर लावून ठेवा. गडावर वेळेचं भान राहत नाही, हे अनुभवाने सांगते. गर्दीच्या दिवशी शेवटच्या फेरीच्या तासभर आधी वरच्या स्थानकावर या, कारण त्या वेळी सगळा गड तिथेच गोळा झालेला असतो.

या रोपवेची रचना समजून घेतली की रांगेचा राग येत नाही. एका बाजूचे पाळणे वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येतात, विहिरीच्या रहाटाला दोन पोहरे असावेत तसे. पाळणे लहान, एका खेपेला माणसं मोजकीच. त्यामुळे प्रवास पाच मिनिटांचा असला तरी तुमची पाळी यायला वेळ लागतो. रांगेत उभ्या माणसाला पाणी आणि टोपी लागते, आजी-आजोबांना बसायची जागा. ती आधी बघून ठेवा.

उंचीची भीती वाटत असेल तर कड्याकडे, म्हणजे वर, बघत राहा. सुरुवातीला पाळणा झाडीवरून संथ चढतो, मग कडा एकदम अंगावर येतो आणि वर जाणं जवळजवळ उभं होतं. तिथे बरेच जण डोळे मिटतात. मुलं मात्र काचेला नाक लावून खाली वाडीतली घरं मोजत असतात. याच कड्यांच्या अंगाखांद्यावरून हिरकणी गवळण रात्री तान्ह्या बाळासाठी उतरली, अशी कथा आहे. पश्चिमेकडचा हिरकणी बुरूज तिच्या नावाचा.

वर पोचल्यावर: चालायचा क्रम

वरच्या स्थानकापासून थोड्या पायऱ्या चढल्या की मेणा दरवाजा. घाई करू नका, इथेच पाणी प्या आणि वाटाड्या घ्यायचा की नाही ते ठरवा. मी म्हणेन, पहिल्या खेपेला घ्याच. गडावरच्या बहुतेक वास्तूंचे फक्त चौथरे उरलेत. सांगणारा नसेल तर ते नुसते दगड वाटतात. पैसे आणि ‘जगदीश्वरापर्यंत येणार ना’ हे दोन्ही आधी बोलून घ्या, कारण बरेच वाटाडे बाजारपेठेपाशी थांबतात.

मेणा दरवाजातून आत आलात की डाव्या हाताला ओळीने चौथरे दिसतात, ते राण्यांचे महाल. समोरच्या बाजूला भिंतीतल्या दारातून राजवाड्याच्या चौथऱ्यावर जाता येतं. मुलं विचारतात, ‘वाडा कुठे गेला?’ त्याचं उत्तर समोरच्या पोटल्याच्या डोंगरात आहे. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथे तोफा चढवून गडावर मारा केला, आग लागली आणि लाकडी वाडे जळून गेले. उरला तो दगड. हे आधी माहीत असेल तर त्या मोकळ्या चौथऱ्यांवरून चालताना पाय आपोआप हळू पडतात.

मग पालखी दरवाजाकडे वळा. तिथे जवळच ते दोन उंच बारा कोनी मनोरे आणि त्यांच्या पायाशी गंगासागर तलाव. पालखी दरवाजाला ३१ पायऱ्या आहेत. गुडघे जपायचे असतील तर मनोरे वरूनच बघा, तलावही वरून छान दिसतो. पाण्यात उतरू नका, पाय धुवायलाही नाही.

आता राजसदर. सुमारे २२० फूट लांब, १२४ फूट रुंद. सिंहासनाच्या जागी मेघडंबरी आणि तिच्यात महाराजांची मूर्ती. चपला बाहेर काढा. १६७४ च्या ज्येष्ठात इथे राज्याभिषेक झाला, गागाभट्टांनी तो केला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या दिवशी सदरेवर हजर होता. नगारखान्याच्या दाराशी हत्ती बघून तो चकित झाला: एवढ्या बिकट वाटेने हे इथवर आणले कसे? पाळण्यातून उतरलेल्या माणसालाही तो प्रश्न पडतो. पिल्लं असतानाच आणले असावेत, असं लोक सांगतात.

इथे एक गोष्ट जरूर करून बघा. बरोबरच्या एकाला सिंहासनाजवळ उभं करा, दुसऱ्याने नगारखान्याच्या दाराशी जाऊन हळू आवाजात बोलायचं. शब्द ऐकू येतात, ध्वनिक्षेपकाशिवाय, एवढ्या लांबीच्या उघड्या सदरेवर. मात्र गर्दी असेल तर जमत नाही. म्हणूनही सकाळी लवकर या.

नगारखान्यातून बाहेर पडलात की होळीचा माळ आणि शिर्काई देवीचं देऊळ. त्यापुढे बाजारपेठ: समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकीत २२ दुकानं, मधून ४० फूट रुंद रस्ता. जोती उंच आहेत. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून, असं सांगतात. आता या रस्त्यावर ताक, लिंबू सरबत, मीठ-तिखट लावलेली काकडी आणि कैरी घेऊन गडावरच्या बायका बसतात. एक घोट त्यांच्याकडून घ्या. तेवढीच त्यांची मिळकत, आणि तुम्हालाही पुढच्या चालीला बळ.

इथपर्यंत चाल सोपी आहे, जवळजवळ सपाट. बहुतेकांचा रायगड इथेच संपतो. तुमचा संपू नये.

जगदीश्वर आणि समाधी

बाजारपेठेच्या टोकाकडून पूर्वेला उतारावर वाट जाते. पंधरा-वीस मिनिटांची चाल, वयस्कर माणसांबरोबर अर्धा तास. येताना हाच उतार चढ होतो, म्हणून आई-वडिलांना दोन ठिकाणी बसवत न्या. वाटेवर दगड आहेत, तेव्हा चपलेपेक्षा चांगल्या पकडीचे बूट बरे.

जगदीश्वराच्या दारातून आत जाण्याआधी खाली बघा. पायरीवर अक्षरं कोरलेली आहेत: ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’. हा हिरोजी इंदुलकर, ज्याने हा गड बांधला. वाडे, तलाव, मनोरे, दरवाजे, सगळं उभं केलं आणि स्वतःचं नाव ठेवलं ते देवळाच्या पायरीला. येणाऱ्या-जाणाऱ्याची पायधूळ पडावी, महाराज दर्शनाला येतील तेव्हा त्यांचीही पडावी, असं त्याने मागितलं अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी पायरी समोर आहे, अक्षरं बोटाने वाचता येतात. शेजारी भिंतीत संस्कृत शिलालेख आहे. त्यात शके १५९६ आणि हिरोजीने काय काय बांधलं ते आहे. या दोन दगडांपाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि घाईघाईने पायरी ओलांडणाऱ्या अनोळखी मुलांनाही थांबवून दाखवते.

देवळाच्या पूर्व दाराबाहेर काही पावलांवर अष्टकोनी चौथऱ्याची समाधी. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज याच गडावर गेले. इथे मोठ्याने बोलू नये, फोटोसाठी लोकांना बाजूला सारू नये. बसायला जागा आहे, वाराही असतो. मुलांचा डबा मात्र इथे उघडू नका, परत बाजारपेठेकडे आल्यावर उघडा.

टकमक टोक, वेळ आणि पाय उरले तर

बाजारपेठेच्या समोरच्या टेपावरून उतरत टकमकाकडे वाट जाते. वाटेत दारूगोळ्याच्या कोठाराचे अवशेष लागतात. पुढे टोक निमुळतं होत जातं, दोन्ही बाजूंना खोल कडा आणि शेवटी सरळ तुटलेला डोंगर. दृश्य अफाट. पण इथला वारा गमतीचा नाही. लहान मुलांचा हात सुटता कामा नये, कठड्याच्या पलीकडे पाऊल नको, सेल्फीसाठी पाठमोरं मागे सरकणं तर मुळीच नको. गर्दी असेल तर आधीच्या माणसांना परत येऊ द्या, मग तुम्ही जा. आईला मी टकमकाला नेलं नव्हतं. तिला बाजारपेठेच्या जोत्यावर सावलीत बसवून मुलांना घेऊन गेले, आणि तिने ती वेळ ताकवाल्या मावशींशी गप्पा मारत आनंदात काढली.

वेळेचा हिशेब असा: मेणा दरवाजा ते बाजारपेठ दीड तास, जगदीश्वर आणि समाधी जाऊन-येऊन दीड तास, टकमक पाऊण ते एक तास. चार तास हातात असतील तर सगळं होतं. तीनच असतील तर टकमक सोडा. दोनच असतील तर राजसदर आणि समाधी, बाकी पुढच्या खेपेला.

पिशवीत काय

माणशी दीड लिटर पाणी, टोपी, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, पातळ सुती कपडे, थंडीच्या सकाळी एक शाल, रोख सुटे पैसे (रेंज जाते-येते), रोजची औषधं, आणि रिकाम्या बाटल्या-पाकिटं परत आणायला एक कापडी पिशवी. काठी असेल तर घ्या. ड्रोन घरी ठेवा. गड पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय उडवता येत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात रायगड आहे. भिंतीवर नाव कोरणाऱ्याला दिसताक्षणी थांबवायला एवढं कारण पुरे.

मुलं फार लहान असतील तर एक करा: आदल्या रात्री त्यांना हिरकणीची आणि हिरोजीची गोष्ट सांगा. दुसऱ्या दिवशी कडा आणि पायरी ती स्वतःच शोधतात.

उतरल्यावर पाचाड

रोपवेने खाली आलात की लगेच महामार्गाला लागू नका. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, आणि त्यांच्या वाड्याचे अवशेष. गडावरची थंड हवा मानवेना म्हणून महाराजांनी हा वाडा खाली बांधला असं सांगतात. राज्याभिषेक पाहिल्यावर अवघ्या काही दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्या इथे गेल्या. समाधी सपाट जागेवर आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, थकलेल्या आजीलाही येता येतं.

महाडवरून परतणार असाल आणि उजेड शिल्लक असेल तर चवदार तळ्यावरही जा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं. गावातच आहे, गाडी लावून पाच मिनिटांत पोचता येतं. ताम्हिणीतून पुण्याला जाणाऱ्यांनी मात्र पाचाडहूनच निघावं, म्हणजे घाट अंधार पडायच्या आत पार होतो.